टेबलावर भरलेलं कापरं

"मागच्या सिझरच्या वेळी काही त्रास झाला होता का?" दुसऱ्या सिझरआधीच्या तपासणीत भुलीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी नाही म्हणाले. मग काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटलं म्हणून पुढे जोडलं, "थरथरत मात्र खूप होते. पण ते घाबरल्यामुळे."

मॅडम माझी जुनी फाईल चाळत होत्या, त्या थांबल्या. "घाबरल्यामुळे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणी सांगितलं? सगळ्यांनीच. ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरनी, वॉर्डातल्या मावशींनी, नंतर घरातल्यांनी. साडेचार वर्षं मीही तेच धरून चालले होते की मुलगी जन्मली त्या रात्री मी इतकी भेदरले की माझा देह माझ्या ताब्यात राहिला नाही. बारशाला आलेल्या बायकांना नणंदेने हौसेने सांगितलं होतं, "हिच्या कापण्याने टेबल हलत होतं म्हणे!" सगळ्या हसल्या, मीही हसले. आत मात्र ते लागून राहिलं. मी शाळेत शिकवते. पोरांना धीट व्हा म्हणते. आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या वेळेला मी एक शब्द नीट उच्चारू शकले नव्हते.

तर ती पहिली रात्र आधी सांगते.

जुलै २०१९. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला होते. संध्याकाळी बाळाभोवतीचं पाणी गेलं आणि भाऊ गाडी काढायला धावला. पाऊस असा की खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, गाडीपर्यंत जाईतो डोकं, पाठ, सगळं निथळत होतं. कणकवलीचा रस्ता एरवी तासाभराचा, त्या दिवशी दोन तास लागले. दवाखान्यात पोचल्यावर कपडे बदलले, पण केस ओलेच राहिले. एवढ्या वेणांमध्ये केस कोण पुसत बसणार? रात्रभर कळा देऊन पहाटे तीनच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल.

ओटीत शिरल्याशिरल्या अंगावर गार हवा आली. बाहेर जुलैचा दमटपणा आणि आत एसी पूर्ण ताकदीने चालू. टेबलावर बसवून सिस्टरनी मला पुढे वाकवलं. "सुंगटासारखी वाक, बाय, सुंगटासारखी." सुंगट म्हणजे कोळंबी. कमरेत इंजेक्शन गेलं. ते फार दुखलं नाही. पाठोपाठ दोन्ही पाय कुणी कोमट पाण्यात सोडावेत तसे ऊबदार होत गेले आणि मग जड. मला ते छान वाटलं, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याचा अर्थ कळणार आहे. पोटावर तपकिरी औषध फासलं, ते बर्फासारखं लागायला हवं होतं, पण मला फक्त काहीतरी ओलं फिरतंय एवढंच कळलं.

दहा मिनिटं झाली असतील. आधी जबडा हलायला लागला. दात दातांवर वाजतायत हे मला कानांनी कळलं. मग खांदे, मग दोन्ही दंड. पाय मेल्यासारखे स्थिर आणि कमरेच्या वरची मी सुपातल्या तांदळासारखी उडत होते. हात दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर पसरलेले, एकाला सलाईन, दुसऱ्याला बीपीचा पट्टा. पट्टा फुगायचा, आकडा मिळायचा नाही, परत फुगायचा. बोटाला लावलेला चिमटा निसटत होता. पडद्यावरची माझ्या हृदयाची रेघ वेडीवाकडी होऊन गेली होती. "हात हलवू नका," कुणीतरी म्हणालं. मी हलवत नव्हते. थांबवण्यासाठी मुठी आवळल्या तर कापरं आणखी वाढलं. "घाबरू नका हो, काही होत नाही." "दीर्घ श्वास घ्या." मी घेत होते, तो श्वाससुद्धा तुकड्यातुकड्याने जात होता.

आणि एक गोष्ट तेव्हाही विचित्र वाटली होती. मला थंडी वाजत नव्हती. म्हणजे गार हवा होती हे खरं, पण माघात पहाटे उठल्यावर वाजते तशी थंडी वाजत नव्हती. तरी अंग कापत होतं. त्यामुळेच मला लोकांचं पटलं. थंडी नाही, तर मग भीतीच.

बाळ रडलं. पुसून, गुंडाळून सिस्टर माझ्या तोंडाशी घेऊन आल्या. आमच्याकडे आईलाच विचारतात, काय झालं ते बघून सांगा. मला दिसत होतं. "मु... मु..." एवढंच होत होतं. दात एकमेकांवर आपटत होते आणि शब्द फुटत नव्हता. सिस्टर थांबल्या थोडा वेळ, मग त्यांनीच "मुलगी हो, मुलगी" म्हटलं आणि बाळाला बाहेर नेलं. माझ्या छातीशी द्यायचा प्रश्नच नव्हता, मी तिला धरूच शकले नसते. तिला पहिल्यांदा कुशीत घेतलं तेव्हा सकाळचे सात वाजायला आले होते.

कापरं तास-सव्वा तास टिकलं. वॉर्डात आणल्यावर दोन चादरी घातल्या. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचा जीव वरखाली झाला. "इतक्या कित्याक कापतंस गो?" म्हणत तिने पिशवीतून रबरी शेकाची पिशवी काढली, थर्मासमधलं कढत पाणी भरलं आणि माझ्या तळपायांशी ठेवली. बाळंतिणीला शेक द्यायचा हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. शेगडी, ओव्याची धुरी, गरम पाण्याची आंघोळ, सगळं त्यातलंच. थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर फेरीला आल्या, चादर उचलली आणि पिशवी हिसकावूनच घेतली. "आजी, तिच्या पायांना कळत नाही अजून! भाजलं तरी ती ओरडणार नाही!" तोवर उजव्या टाचेच्या कडेला तांबडं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला. पोटाच्या टाक्यांपेक्षा तो फोड मला जास्त दिवस पुरला, आणि डाग अजून आहे. आईने त्या डागाचं मनाला इतकं लावून घेतलं की पुढे कित्येक महिने ती तेल लावायला बसली की आधी त्या टाचेला लावायची.

हे सगळं मी भुलीच्या मॅडमना सांगितलं. एवढं सविस्तर त्याआधी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांनी टाच बघितली. मग खुर्ची पुढे ओढली आणि मला जे समजावलं ते मी इथे जमेल तसं मांडते, कारण मला ते २०१९ मध्ये हवं होतं.

मॅडम इकडच्याच. त्या म्हणाल्या, "आपलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. आत माजघर, मग पडवी, मग खळं. शरीराची खरी ऊब माजघरात असते, म्हणजे छातीत, पोटात, मेंदूत. हातपाय म्हणजे पडवी. गारठा पडला की शरीर मधली दारं लावून घेतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. पडवी गार पडली तरी चालेल, माजघर ऊबदार राहिलं पाहिजे. आता मी कमरेत भूल दिली की काय होतं? दुखण्याच्या नसा बंद होतात, पाय हलवणाऱ्या बंद होतात आणि ही दारं लावणाऱ्या नसाही बंद होतात. कमरेखालची सगळी दारं सताड उघडी. माजघरातली ऊब रक्ताबरोबर पायांकडे वाहत सुटते."

म्हणून माझे पाय कोमट पाण्यात सोडल्यासारखे झाले होते. ती ऊब बाहेरून आलेली नव्हती, माझ्याच पोटातून उतरलेली होती. पहिल्या अर्ध्या-एक तासात आतलं तापमान अर्धा ते एक अंश सेल्सिअसने खाली येऊ शकतं. आणि कातडी गरम असल्यामुळे मेंदूला वाटतं सगळं ठीक आहे. थंडीची जाणीव होत नाही. आतलं माप एका रेषेच्या खाली गेलं की मात्र शरीर शेवटचा उपाय काढतं, स्नायू हलवून ऊब तयार करतं. पाय तर भुलीत गेलेले, ते हलू शकत नाहीत. मग जेवढे स्नायू भुलीच्या वर शिल्लक आहेत, जबडा, मान, खांदे, दंड, तेवढेच जीव तोडून हलतात.

मी ऐकत होते आणि मला त्या ओटीतली मी दिसत होते. भेदरलेली नव्हे. अर्धं अंग निजलेलं असताना उरलेल्या अर्ध्याने घर राखणारी.

मॅडमनी हेही सांगितलं की सगळं कापरं तापमानानेच येतं असं नाही. काहींचं तापमान उतरलेलं नसतानाही त्या थरथरतात, साध्या बाळंतपणानंतरही कितीतरी बायका कापतात, आणि यामागचं कारण शास्त्राला अजून पूर्ण उलगडलेलं नाही. भीतीने भर पडते का? पडू शकते. पण कमरेखालच्या भुलीत जवळजवळ निम्म्या बायकांना कमीअधिक कापरं भरतं. "निम्म्या बायका भित्र्या आहेत असं कसं म्हणणार?" त्या म्हणाल्या. माझ्या बाबतीत तर सगळंच जमून आलं होतं. ओले केस, रात्रभराच्या कळा, गार ओटी, कपाटातून तशीच काढून लावलेली सलाईन, अंगाखाली भिजलेली चादर.

"पण ते तर थांबतंच ना आपोआप?" मी विचारलं. थांबतं, बहुतेकांचं. पण तोवर त्याची किंमत मोजावी लागते. स्नायू इतके राबतात की शरीराला लागणारा ऑक्सिजन दुपटीवर जाऊ शकतो. धडधाकट बाईला ते निभावतं. ज्या बाईचं हृदय कमजोर आहे किंवा जिचं रक्त खूप कमी आहे तिला जड जातं. नव्या टाक्यांवर ताण येऊन दुखतं. आणि भुलीच्या डॉक्टरांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट म्हणजे बीपी आणि ऑक्सिजनचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. कमरेत भूल दिल्यावर बीपी उतरतं, ते मिनिटामिनिटाला बघावं लागतं, आणि नेमका तोच आकडा हात हलल्यामुळे मिळत नाही. मला पट्टा पुन्हा पुन्हा का फुगत होता ते साडेचार वर्षांनी समजलं.

दुसरं सिझर ठरवून होतं, जानेवारी २०२४ मध्ये. यावेळी सासरहून, जामसंड्याहून निघालो. दवाखाना दुसरा, गाव कणकवलीच. देवगडच्या बागांना मोहर धरला होता आणि पहाटे गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या तर नांदगावपर्यंत तो वास सोबतीला. आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही, साधं पाणी मात्र सकाळी सहापर्यंत चालेल असं सांगितलं होतं. सासूबाईंनी मला पहाटे न्हाऊ घातलं नाही, आदल्या दुपारीच घातलं. मॅडमनी केस कोरडे हवेत एवढंच म्हटलं होतं, त्यांनी ते व्रतासारखं पाळलं.

दवाखाना लहान. गरम हवा भरलेली फुगीर चादर अंगावर घालायचं यंत्र मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असतं, इथे नव्हतं. मॅडमनी ते नाही म्हणून हात बांधून घेतले नाहीत. ओटीत नेण्याआधी अर्धा तास मला खोलीतच दोन जाड ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलं, पायांत मोजे आणि डोक्याला कापडी टोपी. जानेवारी असला तरी कोकणातला जानेवारी, मला घाम यायला लागला. "येऊ दे," सिस्टर म्हणाल्या. त्यामागचं गणित असं की पडवी आधीच ऊबदार असेल तर दारं उघडल्यावर माजघरातून फारसं काही वाहून जात नाही. भूल देण्याआधीची ही ऊब नंतरच्या चार ब्लँकेटांपेक्षा जास्त कामाची, असं मॅडमचं म्हणणं.

सलाईन गरम करायची त्यांच्याकडे एक छोटी पेटी होती, आतलं तापमान चाळीस अंशांच्या आत ठरवून ठेवणारी. मी कुतूहलाने विचारलं, बादलीतल्या गरम पाण्यात बाटली ठेवून चालत नाही का? बाटली किती तापली हे कळत नाही, म्हणाल्या. शिरेतून जाणाऱ्या पाण्याचं माप अंदाजाने धरायचं नसतं. आणि तापवलेली सलाईनची बाटली भुलीतल्या पेशंटच्या अंगाला लावून शेक द्यायचा तर नाहीच नाही, माझ्या टाचेवर जे झालं ते तसल्या बाटल्यांनी फार वाईट होतं.

एसीवरून मात्र ओटीत थोडी बोलाचाली झाली, मी ती ऐकली. सर्जन डॉक्टरांना दोन थरांचे कपडे घालून दिव्याखाली उभं राहायचं असतं, त्यांना एसी हवा. मॅडम म्हणाल्या, बाळ बाहेर येऊन पुसून होईपर्यंत पंचवीसच्या खाली नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही बाळ जन्मतं ती खोली २५ ते २८ अंशांची असावी असंच सांगितलेलं आहे, कारण ओलं बाळ आईपेक्षा लवकर गार पडतं. सर्जन हो म्हणाले. मग पुढे सिस्टर दर दोन मिनिटांनी त्यांचं कपाळ टिपत होत्या. त्या कपाळाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

इंजेक्शन झालं. पाय ऊबदार, मग जड. यावेळी मला ठाऊक होतं ती ऊब कुठून येतेय. मॅडम माझ्या डोक्याशी उभ्या होत्या आणि त्यांनी भूल द्यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "कदाचित याही वेळी कापरं भरेल. भरलं तर मला नुसतं सांगा. तुम्ही काही चुकीचं करत नाही. थांबवायची धडपड करू नका." छातीवर आणि हातांवर ब्लँकेट होतं, फक्त सलाईनची जागा उघडी. कानात थर्मामीटर लावून बघितलं होतं, ३६.७.

मुलगा झाला. मी स्वतः सांगितलं. "मुलगा." एक सलग, अख्खा शब्द. माझा आवाज मलाच ऐकू आला आणि मला रडू फुटलं. मुलगा झाला म्हणून नव्हे. तो शब्द मला माझ्या मुलीसाठी म्हणायचा होता.

आणि कापरं आलंच. बाळ झाल्यावर सात-आठ मिनिटांनी. गर्भाशय आवळण्याचं औषध सलाईनमधून चालू झालं होतं, भिजलेली कापडं बदलणं चाललं होतं. जबडा हलला. मी म्हटलं, "मॅडम, आलं." त्यांनी कानाचा थर्मामीटर लावला, ३६.१. मागच्या वेळेच्या मानाने कमी होतं, पण खांद्यांपर्यंत पोचलं होतं आणि बीपीचा पट्टा एकदा चुकला.

"एक इंजेक्शन देते, बघा पाच मिनिटांत," त्या म्हणाल्या.

या औषधांबद्दल तपासणीच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं. कापरं थांबवायचं सगळ्यात जुनं, पारखलेलं औषध पेथिडीन. वेदनाशामक म्हणून जेवढं लागतं त्याहून कमी मात्रेत ते थरथर थांबवतं. पण ते अफूच्या जातीचं, त्याला परवाने आणि कडक नोंदी लागतात, लहान दवाखान्यांत ते बहुधा नसतं. म्हणून आपल्याकडे ट्रॅमाडॉल वापरतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने तेही अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, त्यामुळे प्रत्येक अँप्यूलचा, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीचा, हिशेब ठेवावा लागतो. माझ्यासाठी फोडलेल्या अँप्यूलची नोंद सिस्टरनी वहीत केली ती मी पडल्या पडल्या ऐकली. मात्रा वजनावर, किलोला साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम. माझं वजन तेव्हा ६२ किलो, मला ३० मिलिग्रॅम दिलं, हळूहळू, दोन-तीन मिनिटं घेऊन. पटकन ढकललं तर उलटी जास्त होते. त्याआधी उलटीचं इंजेक्शन दिलं होतंच. दुसरीही औषधं आहेत, त्यातलं एक डेक्समेडेटोमिडीन, पण त्याने झोप येते आणि नाडी मंदावते, म्हणून त्या ते माझ्यासाठी मागे ठेवणार होत्या. "मला तुम्ही जाग्या हव्या आहात," त्या म्हणाल्या होत्या, "बाळाला घ्यायचंय ना?"

हे औषध बाळाची नाळ कापल्यावरच देतात. आधी दिलं तर ते आईच्या रक्तातून बाळाकडे जातं आणि बाळ सुस्त जन्मू शकतं. म्हणून बाळ होईपर्यंत भिस्त ऊबेवर. मला दुधाची काळजी वाटली, तेही मी आधी विचारून घेतलं होतं. एकदाच दिलेल्या एवढ्याशा मात्रेने, आणि पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध असतं चमचाभर, बाळाला धोका नाही, पाजायला थांबायचं कारण नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

इंजेक्शन गेल्यावर आधी डोक्यात हलकंसं काहीतरी फिरलं. मग पोटात ढवळलं, मान वळवून थोडं पाणी उलटून पडलं. सिस्टरनी ट्रे धरलेलाच होता. तेवढा त्रास झाला, लपवत नाही. पण दात वाजायचे थांबले. मग खांदे. वारा पडल्यावर माडाच्या झावळ्या एकेक करून स्थिर होतात तसं अंग उतरत गेलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, पाच मिनिटंही लागली नाहीत. पट्टा फुगला आणि पहिल्याच खेपेला आकडा आला.

टाके चालू असतानाच बाळाला माझ्या छातीवर, गळ्याखाली आडवं ठेवलं. सिस्टरनी एका हाताने त्याला आधार दिला, कारण एका बाजूला माझी सलाईन होती, आणि वरून ब्लँकेट ओढलं. त्याचा गाल माझ्या हनुवटीला लागत होता. हनुवटी हलत नव्हती.

वॉर्डात सासूबाई वाट बघत होत्या. त्यांच्या पिशवीतही शेकाची पिशवी होती, कापडात गुंडाळलेली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "ही मी पायाला लावणार नाही. पाय हलवायला लागलीस, चिमटा काढलेला कळायला लागला, की मग विचारून कमरेला देईन." माझ्या आईने त्यांना फोन करून टाचेची हकीकत सांगितली होती. दोन विहिणींमध्ये एरवी हळदीकुंकवापलीकडे बोलणं नसतं.

एक गोष्ट मात्र इथे लिहिलीच पाहिजे, कारण हे वाचून कुणी सगळ्याच कापऱ्याला साधं समजेल. २०१९ मध्ये माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला दुसऱ्या दिवशी रक्ताची बाटली लावली होती. थोड्या वेळाने ती कुडकुडायला लागली. तिची सासू म्हणाली, हिला पण या मुलीसारखंच झालं, घाला चादर. सिस्टर मात्र धावत आल्या आणि आधी रक्त बंद केलं, मग डॉक्टरना बोलावलं. रक्त चढताना भरलेली हुडहुडी म्हणजे शरीर ते रक्त झिडकारत असल्याची खूण असू शकते. तसंच, भूल उतरून गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्याला वास यायला लागला, तर तो जंतुसंसर्ग धरून चालायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आपल्याकडे पावसात मलेरिया असतो, भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप असतो. बाळंतीण म्हणून ती त्यातून सुटत नाही. ओटीतलं कापरं पहिल्या एक-दोन तासांचं, तापाशिवायचं. त्यापलीकडच्याला वारा लागला म्हणून घरात शेक देत बसू नये.

माझ्याच शाळेतल्या एका बाईंचं सिझर येत्या महिन्यात ठरलंय. त्यांनी मला विचारलं, तपासणीला जाताना काय काय विचारू? मी त्यांना म्हटलं, भुलीच्या डॉक्टरांना आधी भेटता येईल का ते विचारा. कमरेत भूल देण्याआधी अंग ऊबदार ठेवतात का, सलाईन कोमट करतात का, बाळ होईपर्यंत एसी कमी ठेवता येईल का, आणि कापरं भरलंच तर काय देतात. विचारायला लाजू नका. आमच्याकडे दोन-तीन दवाखान्यांत एकच भुलीचे डॉक्टर धावत असतात, रात्री-अपरात्री आणीबाणीच्या केसला येतात, त्यांना समजावून सांगायला वेळ मिळत नाही हे मला दिसतं. माझी पहिली रात्र तशीच होती आणि त्या रात्री त्या सगळ्यांनी माझं बाळ वाचवलं, हे मी विसरलेले नाही. तरी "भूल दिल्यावर अंग कापेल, ते भुलीमुळे" हे एक वाक्य बोलायला अर्धं मिनिट पुरतं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर मी मॅडमना विनंती करून एक ओळ लिहून घेतली. पुढे कुठलंही ऑपरेशन झालं तर कामी येईल म्हणाल्या. आई मला न्यायला आली होती, तिने चष्मा लावून ती ओळ बोटाने वाचली. "मणक्यातील भुलीनंतर कंप. ट्रॅमाडॉल ३० मिग्रॅ दिले. ५ मिनिटांत थांबला."

"भुलीनंतर," ती म्हणाली. मग परत वाचलं. "म्हणजे तेवा तू भियालं नाय होतंस."

"नाही गं आई."

तिने कार्ड घडी न घालता फाईलमध्ये सरकवलं, खाली बसली आणि माझ्या पायांत मोजे चढवायला लागली. आधी उजव्या.